शिडाच्या जहाजावर रात्रपाळी

प्रवास म्हटला की आपल्या घरांत ठरलेली ठिकाणे डोळ्यांपुढे येतात. नागपूर, चैत्यभूमी, महाड. मे महिन्यात गाव आणि मधूनमधून नात्यातले लग्न. निव्वळ हौस म्हणून कुठे जाणे आपल्या हिशेबात बसत नाही, आणि हिशेब हीच आमची नोकरी असल्यामुळे आमच्या तर मुळीच बसत नव्हते. तरीसुद्धा २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता नॉर्वे देशातील बर्गन बंदरातून शिडाच्या जहाजावर चढलो आणि शेटलंड बेटांपर्यंत जाऊन आलो. तिकीट काढून गेलो, पण बसून गेलो नाही. दोर ओढले, पहारा केला, सुकाणू धरले आणि संडासही धुतले. त्या चार दिवसांत जे पाहिले ते वाचक बंधुभगिनींना सांगावे, म्हणून हा लेख.

आमची भाची नोकरीनिमित्त बर्गनला असते. जहाजाची तिकिटे तिने काढली; विमानाचे भाडे आम्ही मुदत संपलेल्या विमा पॉलिसीतून भरले. कागदपत्रांचे काम मात्र आमच्याकडे होते. कोणी जाणार असेल तर ध्यानात ठेवावे, की नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि शेटलंड बेटे ब्रिटनकडे असल्यामुळे ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. परत नॉर्वेत यायचे असल्याने शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा.

जहाजाचे नाव ‘स्टाट्सराड लेमकूल’. तीन डोलकाठ्या, बावीस शिडे, लांबी ९८ मीटर आणि डोलकाठीची उंची ४८ मीटर. लोखंडी सांगाड्याचे हे जहाज १९१४ साली जर्मनीत बांधले गेले. व्यापारी जहाजांवरची पोरे त्यावर तयार करावयाची, हाच त्याचा मूळ उद्देश. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटिशांनी ताब्यात घेतले. पुढे १९२१ साली क्रिस्टोफर लेमकूल या माजी मंत्र्यांच्या खटपटीने ते नॉर्वेत आले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. १९४० साली जर्मन सैन्याने नॉर्वे बळकावला तेव्हा जहाजही गेले आणि त्याचे नाव बदलण्यात आले. महायुद्ध संपल्यावर जहाज परत आले, नावही परत आले. १९७८ पासून ते एका प्रतिष्ठानाच्या मालकीचे आहे.

या जहाजावर दीडशे शिकाऊ माणसांची सोय आहे. पूर्वानुभव लागत नाही. कायमचे खलाशी थोडे; बाकी सारे बळ आमच्यासारख्या नवख्यांचे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक पाळी मिळते. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास काम. आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. हे घड्याळ दिवसा तेच आणि रात्रीही तेच. आमच्या वाट्याला बारा ते चार आली, म्हणजे दुपारी एकदा आणि मध्यरात्री एकदा. गिरणीतल्या माणसांच्या चाळीत वाढलेल्याला रात्रपाळी काय ते समजावून सांगावे लागत नाही. भाचीला मात्र धक्का बसला. “मामा, सुट्टीत नाइट शिफ्ट?” असे ती म्हणाली.

झोपावयाचे झोळीत. छताच्या आकड्यांना कापडी झोळ्या बांधतात, एकीला लागून दुसरी. रात्री जहाज कलले की साऱ्या झोळ्या एकाच बाजूला झुलतात. बर्गनचा कोणी शाळामास्तर, कोणी परिचारिका, कोणी बँकेतला साहेब, सगळे तसेच झुलत घोरतात. आयुष्यमतींना झोळीत झोप छान लागली. आम्हाला पहिली रात्र बोट लागली. पोटात काही राहीना. वरच्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहत राहावे, पडून राहू नये, थोडे कोरडे खावे, असे पाळीच्या प्रमुखाने सांगितले, आणि हातात दोर दिला. काम करताना ओकारी कमी येते हा आमचा अनुभव.

दोरांची संख्या पाहून पहिल्यांदा डोके गरगरते. प्रत्येक दोराला नाव आहे, काम आहे आणि बांधण्याची ठरलेली खुंटी आहे. अंधारातसुद्धा हात तिथेच गेला पाहिजे. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवे वासे असतात आणि त्यांना चौकोनी शिडे टांगलेली असतात. वारा फिरला की हे वासे फिरवावे लागतात. एका बाजूचे ओढत असताना दुसऱ्या बाजूचे सैल सोडत जावे लागते. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे. दहा-पंधरा माणसे एका ओळीत उभी राहून आवाजाच्या ठेक्यावर एकदम ओढतात. हुकूम आधी नॉर्वेजियनमध्ये, मग इंग्रजीत. आयुष्यमतींचे इंग्रजी बेताचेच. पण लहानपणी गावच्या विहिरीचा पोहरा ओढलेले त्यांचे हात. एका हातामागे दुसरा हात कसा टाकावा, हे त्यांना कोणी शिकवले नाही. दुसऱ्या दिवशी पाळीच्या प्रमुखाने त्यांना ओळीत सर्वांत पुढे उभे केले.

चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. त्याला वारा बाजूने नाहीतर मागून लागतो. बर्गनहून शेटलंड जवळजवळ नेमके पश्चिमेला, अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. आणि त्या समुद्रावर वारा बहुधा पश्चिमेकडूनच येतो. म्हणून जाताना काही वेळ इंजिन, काही वेळ तिरके जाऊन शिडे, असा खेळ चालला. येताना मात्र तोच वारा पाठीशी आला. इंजिन बंद झाले. एवढे मोठे जहाज नुसत्या वाऱ्यावर धावू लागले आणि दोरांच्या कुरकुरीशिवाय दुसरा आवाज राहिला नाही.

पाळीवर असताना दर थोड्या वेळाने काम बदलते. कोणी नाळेवर उभे राहून पुढे पाहतो, कोणी मागे उभा राहून माणूस पाण्यात पडला तर इशारा देण्यासाठी सज्ज असतो, कोणी आग लागली नाही ना हे पाहत जहाजभर फेरी मारतो, कोणी सुकाणूच्या चाकावर. आम्ही चाक धरले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. त्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पावणेचारच्या आत पुन्हा उगवतो. मधली रात्र काळी होतच नाही. शेटलंडचे लोक त्या उजेडाला ‘सिमर डिम’ म्हणतात. होकायंत्राचा काटा एका आकड्यावर ठेवावयाचा एवढेच काम. पण चाक फिरवले की जहाज लगेच वळत नाही. थोडे थांबून वळते, आणि वळू लागले की थांबत नाही. म्हणून वळण सुरू होताच चाक उलटे आणावे लागते. उतावळ्या माणसाच्या हातून जहाज सापासारखे जाते, आणि ते मागे पाण्यात सर्वांना दिसते!

डोलकाठीवर चढणे सक्तीचे नाही. कमरेला पट्टा बांधून, आकडा अडकवून भाची वर गेली, आणि शीड गुंडाळण्यास तिने हात लावला. आम्ही खाली राहिलो. कोणी हसले नाही, कोणी आग्रह केला नाही. खालचा दोर धरावयास माणूस लागतोच, तो आमच्या हातात दिला.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी पाळीच्या यादीत आमच्या नावापुढे सफाई आली. जेवणघर, जिने आणि संडास. आयुष्यमती यादी पाहून गप्प झाल्या. नंतर हळूच म्हणाल्या, “अहो, एवढे पैसे घालून हेच करायला आलो का?” त्यांच्या म्हणण्यातला अर्थ आम्हाला कळला. आमचे वडील सफाई कामगार होते. तेहेतीस वर्षे त्यांनी तेच काम केले. पाळ्या त्यांनाही होत्या, सकाळची आणि दुपारची. पण काम कधी बदलले नाही. खात्यातले इतर लोक बदलले, साहेब बदलले, झाडू तोच राहिला. आम्ही बी.कॉम. होऊन टेबलाशी बसलो, त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले होते.

यादीत आमच्या नावाखाली आणखी एक नाव होते. ते गृहस्थ मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. त्यांनी बादली भरली, ब्रश उचलला आणि पहिल्या संडासात शिरले. तोंडाने चेंडूच्या सामन्याची चर्चा चालू. आम्ही दुसऱ्यात शिरलो. अर्ध्या तासात सगळे स्वच्छ झाले. हात धुतले, कॉफी घेतली, आणि तेच डॉक्टर नाळेवर पहाऱ्याला गेले, आम्ही आगीच्या फेरीवर. दुसऱ्या दिवशी ब्रश तिसऱ्याच दोघांच्या हातात होता.

एवढेच. कोणी भाषण केले नाही, कोणी त्यागाचा आव आणला नाही. पण वडिलांचे काम आम्ही तिथे प्रथमच निव्वळ काम म्हणून पाहिले. घाण घाणच असते आणि वास वासच असतो. फरक इतकाच, की पाळी संपते आणि काम पुढच्याकडे जाते. जे काम हातातून हातात जाते ते माणसाला चिकटत नाही.

जहाजावर सारे सारखे असतात, असे आम्ही म्हणणार नाही. कप्तानाचा हुकूम तिथे शेवटचा, आणि समुद्रात तो तसाच असावा लागतो. शिवाय तिकीट स्वस्त नाही. पैशाची शिडी जहाजावर चढण्याआधीच लागते. पण चढल्यावर कामाची वाटणी यादीने आणि घड्याळाने होते, हे खरे.

लेरविक बंदरात उतरलो तेव्हा भाचीने आम्हाला बसने स्कॅलोवे गावी नेले. दुसऱ्या महायुद्धात याच पाण्यातून ‘शेटलंड बस’ चालत असे. १९४१ ते १९४५ या काळात नॉर्वेचे कोळी आणि खलाशी मासेमारीच्या होड्यांतून जर्मनव्याप्त किनाऱ्यावर माणसे व शस्त्रे नेत आणि जीव वाचवून पळणाऱ्यांना इकडे आणत. हे सारे हिवाळ्यात, वादळात. कारण उन्हाळ्यात लपावयास अंधारच नसे. पुष्कळ होड्या आणि माणसे गेली, तेव्हा १९४३ साली अमेरिकेने तीन वेगवान बोटी दिल्या. आम्ही ज्या उजळ रात्रीचे कौतुक केले, ती त्यांना शत्रूसारखी होती.

परतीच्या रात्री पाळीवर एका स्कॉटिश बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये जुबिली सेलिंग ट्रस्ट नावाची संस्था होती. तिची दोन शिडाची जहाजे, ‘लॉर्ड नेल्सन’ १९८६ सालचे आणि ‘टेनेशियस’ २००० सालचे. अपंग आणि धडधाकट माणसांनी मिळून चालवावीत अशीच ती बांधली होती. चाकाच्या खुर्चीसाठी रुंद डेक आणि लिफ्ट, अंधांना सुकाणू धरता यावे म्हणून बोलणारे होकायंत्र. माणूस कामाला बसत नसेल तर काम माणसाला बसवावे, हा विचार. पैशाअभावी ती संस्था २०२३ साली बंद पडली. चांगली गोष्ट चांगली आहे म्हणून टिकत नाही, तिला वर्गणी लागते, हे मंडळे चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

घरी आल्यावर वस्तीतल्या मुलांनी फोटो पाहिले आणि विचारले, “असले जहाज आपल्याकडे आहे का?” आहे. आपल्या नौदलाचे ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज गोवा शिपयार्डने बांधले आणि १९९७ साली ते नौदलात दाखल झाले. ‘सुदर्शिनी’ २०१२ साली आले. नौदलाचे शिकाऊ अधिकारी त्यांवर असेच दोर ओढून शिकतात. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी एन.सी.सी.चा नौदल विभाग आहे. तिथे अर्ज करावयास तिकीट लागत नाही, माहिती लागते. आणि ती आपल्या वस्त्यांत उशिरा पोहोचते.

म्हणून आमच्या मंडळाने सध्या एकच काम हाती घेतले आहे. रविवारी सकाळी दहा ते पंधरा वयाच्या मुलामुलींना पोहावयास नेणे. त्यांना नेण्याची पाळी पालकांनी वाटून घेतली आहे. यादी फळ्यावर लावली आहे, आणि पहिल्या रविवारी आयुष्यमतींचे नाव आहे.