वेताळाचा नियम

"जादूच्या गोष्टीत कसला तर्क शोधता हो?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं उत्तर ठरलेलं आहे. जादूच्या गोष्टीतच तर तर्क लागतो! नायक अड्याळहून पवनीला एसटीने गेला म्हटलं की काम भागतं. रस्ता, तिकीट, गर्दी सगळं वाचकाला ठाऊक असतं. पण तोच नायक ढगावर बसून निघाला, तर ढग कोणाला बसू देतो, किती लांब जातो, हे लेखकालाच सांगावं लागतं. आणि एकदा सांगितलं की पाळावं लागतं. घेतला वसा टाकायचा नाही, एवढंच.

हे सगळं परत डोक्यात आलं ते पुतण्यामुळे. तो तेरा वर्षांचा, गावी अड्याळलाच असतो आणि मोबाईलवर जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, वाचतो. पानं उजवीकडून डावीकडे! त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून मीही वाचायला घेतल्या आणि चांगलाच अडकलो.

आमच्या लहानपणी हे काम चांदोबाने केलं. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला. आबाजी, म्हणजे माझे वडील, भंडाऱ्याला गेले की येताना हटकून अंक आणायचे. त्यातला विक्रम आणि वेताळ आठवतोय ना? शंकर यांचं ते चित्र, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत... त्या गोष्टीचा नियम बघा किती घट्ट आहे. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. दोन्हीकडून कोंडी. मूळ वेताळ पंचविशीत यातून सुटका होते ती नियम न मोडता. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि काहीच मोडत नाही. वा!

इथे एक फरक सांगायला हवा. नियमातली फट वेगळी आणि गोष्टीला पडलेलं भोक वेगळं. हिरण्यकशिपूचा वर घ्या. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर येतो. वर शब्दन् शब्द पाळला जातो आणि तरीही हिरण्यकशिपू मरतो. 'डेथ नोट' (२००३ ते २००६) ही मांगा तर अख्खी याच खेळावर उभी आहे. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, पण लिहिताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर हवा. मग सगळी झुंज कशाची, तर नियमातल्या फटी कोण आधी शोधतो याची.

दुसरी गोष्ट पोटाची. कल्पनेतल्या नगरात राजवाडे असतात, सैन्य असतं, ड्रॅगन असतात... आणि शेतं? आम्ही धानवाल्या गावातली माणसं, आम्हाला हे पहिलं खटकतं. पऱ्हे कोणी टाकले? रोवणीला बाया कुठून आल्या? हाजिमे इसायामा यांच्या 'अटॅक ऑन टायटन'मध्ये (२००९ ते २०२१) याचं उत्तर आहे, आणि ते भयंकर आहे. माणसं खाणाऱ्या राक्षसांपासून वाचायला लोक तीन भिंतींच्या आत राहतात. बाहेरची भिंत पडते, तिथली शेतजमीन जाते, उरलेलं धान्य सगळ्यांना पुरत नाही. मग सरकार अडीच लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याला, भिंत परत मिळवायच्या नावाखाली मरायला पाठवतं. राक्षस खोटे आहेत, पण तो हिशोब खरा वाटतो.

मग भोकं पडतात ती का? मला वाटतं, बहुतेक वेळा पोटासाठीच. जपानी साप्ताहिकात दर आठवड्याला पानं द्यायची, गोष्ट लोकप्रिय आहे तोवर ओढायची. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' १९८४ पासून १९९५ पर्यंत अशीच चालली. त्यातली लंच नावाची मुलगी पुढे दिसेनाशी होते. का, तर आपण तिला विसरूनच गेलो होतो, असं खुद्द तोरियामांनीच नंतर मोकळेपणाने सांगितलं. आपल्या चांदोबातही दुसरं काय झालं? राजाला दर महिन्याला उत्तर येत राहिलं, कारण पुढच्या महिन्यात वेताळ हवा होता. मूळ पंचविशी कधीच मागे पडली. पुढे चांदोबा बंद झाला. त्या अंकांतला राजा बिचारा अजून प्रेत घेऊन चालतोच आहे.

पण लंच विसरली जाणं मला चालतं. जी गोष्ट खरी जाचते ती पुतण्याने दाखवली. ड्रॅगन बॉलमध्ये सात गोळे जमवले की शेनरॉन नावाचा ड्रॅगन इच्छा पुरी करतो, मेलेल्यालाही उठवतो. आधी नियम असा की एकदा उठवलेल्याला पुन्हा उठवता येत नाही. मग दुसऱ्या एका ग्रहावरचे गोळे सापडतात आणि त्यांना ती अट नसते. पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, मरून राहिले अन् येऊन राहिले! आता कोणी मेला तर मला रडूच येत नाही."

यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. नियम सैल झाला की नुसता तर्क जात नाही, दुःखही जातं. म्हणून त्याला हिरोमु अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' (२००१ ते २०१०) जास्त आवडते. अराकावा होक्काइदोतल्या दूधव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या जगाचा नियम शेतकऱ्याला शोभेल असाच आहे: काही मिळवायचं तर त्याच्या मोलाचं काही द्यावं लागतं. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात. एक हात-पाय गमावतो, दुसरा सगळं शरीर. आई येत नाही. गोष्ट संपेपर्यंत येत नाही.

आबाजी गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता. त्याला कसं सांगायचं कोणालाच सुचेना. घरातलं कोणीतरी म्हणालं, गावाला गेलेत, येतील. त्यानंतर कित्येक दिवस हा भंडाऱ्याहून येणारी एसटी थांबली की दाराशी जाऊन उभा राहायचा. लहान मुलाला दिलेला शब्द म्हणजे नियमच की!

परवा बोलता बोलता त्याने आणखी एक सांगितलं. म्हणाला, "काका, शेनरॉनला एक गोष्ट जमत नाही. आजाराने किंवा म्हातारपणी मेलेला माणूस तो आणू शकत नाही."

मी विचारलं, "हे कुठून काढलंस?"

"मी शोधलं होतं," तो म्हणाला. "खूप आधी."