पावडरचा डबा, किडनी आणि आपली मुले

आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या मागे पत्र्याच्या छपराची एक व्यायामशाळा आहे. दोन बाक, गंज चढलेल्या प्लेटी, एक मोठा आरसा आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. संध्याकाळी सातनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुणाला पोलीस भरतीत उतरायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, तर कुणाला नुसतेच पिळदार दिसायचे असते. पोरे गुत्त्यावर न जाता व्यायामशाळेत जातात याचे आम्हाला समाधान आहे. आमच्या आजे-पणज्यांनी दुसऱ्यांची ओझी वाहिली. त्यांची नातवंडे आज स्वतःच्या अंगासाठी वजन उचलतात, हा फरक लहान नाही.

परंतु या व्यायामाच्या पाठोपाठ घराघरांत प्रोटीन पावडरचा डबा आला आहे. रविवारी वंदना संपली की माता-भगिनी आम्हाला गाठतात. "भाऊ, पोरगा अडीच हजारांचा डबा मागतोय. त्याने किडनी जाते म्हणतात. द्यावेत का पैसे?" पोरांना विचारावे तर ती म्हणतात, "काका, डब्याशिवाय बॉडी होतच नाही." दोन्हीकडचे बोलणे ऐकीव. तथागतांनी कालामांना उपदेश केला तो हाच, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले आणि नोकरीच्या सवयीने हिशेबही मांडला.

प्रथम किडनीचे काम समजून घेऊ. आपल्या दोन किडन्यांत मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. त्यातला बहुतेक शरीरात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बनते. आपण प्रथिने खातो, त्यांतून यकृतात युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. प्रथिने जास्त, तर किडनीला काम जास्त. निरोगी किडनी हे काम पेलते. व्यायाम करणाऱ्याला लागतात तेवढ्या प्रथिनांनी धडधाकट माणसाची किडनी बिघडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. म्हणजे भीती सरसकट खरी नाही.

पण ज्याची किडनी आधीच दुखावलेली आहे, त्याला हा जादा भार सोसत नाही. आणि दुखावलेली किडनी ओरडत नाही. बराच भाग निकामी होईपर्यंत ना दुखते, ना खुपते.

मागे एकदा भीमजयंतीनिमित्त आम्ही विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती. आमच्या गल्लीतला एक तेवीस वर्षांचा मुलगा गंमत म्हणून रांगेत उभा राहिला. भरतीची तयारी करणारा, छाती भरलेली, रोज दोन वेळा पावडर घेणारा. त्याचा रक्तदाब 160 वर 100 निघाला. लघवीतून प्रथिने जात होती. आईने लगेच डबा उचलून गटारात ओतला. पुढे मोठ्या तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुखणे जुने आहे, लहानपणी तोंडावर सूज यायची तेव्हापासूनचे असावे. पावडरने ते आणले नव्हते, पण त्यावर भार टाकला होता. शिवाय अंग दुखले की तो दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात असे, त्याही किडनीला घातक. वेळीच कळले म्हणून तो आज गोळ्या घेतो, बेताचे खातो, हलके वजन उचलतो. न कळते तर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर पडावे लागण्याची पाळी येऊ शकली असती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसची सोय आहे, पण बुडालेला रोजगार कोणती योजना भरून देणार?

म्हणून डब्याआधी तपासणी करा. रक्तदाब, साखर, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, एवढ्या चार गोष्टी. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल तर नक्कीच. एक ध्यानात ठेवा, भरलेल्या स्नायूंच्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच थोडे जास्त येते. क्रिएटिन घेणाऱ्याचेही वाढलेले दिसू शकते. तेवढ्यावरून घाबरू नका, पण तपासणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका.

आता डब्याकडे वळू. 2024 साली भारतातल्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 25 पावडरींत लेबलवर लिहिलेले आणि आत निघालेले प्रथिनांचे प्रमाण जुळले नाही. काहींत बुरशीचे विष, तर काहींत कीटकनाशकाचे अंश सापडले. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. सुटी पावडर, बिनबिलाचा डबा आणि "लवकर फुगवणारे" इंजेक्शन यांना हात लावू नका. त्या इंजेक्शनांत बहुधा स्टिरॉईड असते. किडनीच्या गाळण्या त्याने कायमच्या खराब झालेले शरीरसौष्ठवपटू डॉक्टरांनी पाहिले आहेत.

शेवटी हिशेब. साध्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजन उचलणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा. साठ किलोच्या मुलाला 72 ते 96 ग्रॅम झाले. भाकरी-पोळीचे 300 ग्रॅम पीठ सुमारे 30 ग्रॅम देते, दिवसभराची 100 ग्रॅम डाळ-उसळ 22, दोन अंडी 12, 40 ग्रॅम सोयाबीन वडी 20 आणि मूठभर शेंगदाणे 7. बेरीज 91. डब्यातले एक ग्रॅम प्रथिन तीन रुपयांच्या पुढे पडते, अंड्यातले रुपया-सव्वा रुपयाला आणि सोयावडीतले तीस-पस्तीस पैशांना. याच संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला आहे. म्हणजे गरिबाच्या स्वयंपाकघरात काही कमी नाही, कमी आहे ती माहिती.

ज्याला वेळच नाही, जेवण धड होत नाही आणि तपासणी चांगली आली आहे, त्याने एखादा चमचा घेतला तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पाणी भरपूर प्यावे आणि एकाएकी अति व्यायाम करू नये. जोरकस व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण फाटलेल्या स्नायूंतून निघालेले द्रव्य किडनी बंद पाडू शकते.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. जयंतीला डीजेवर जो खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढून प्रत्येक व्यायामशाळेत एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा आणि वर्षातून एकदा लघवी-रक्ताची तपासणी करा. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. शरीर साथ देईनासे झाल्यावरही ते लिहीत राहिले. आपल्या मुलांना चळवळीसाठी आणि संसारासाठी शरीर साथ देणारे हवे. ते नुसते आरशात चांगले दिसून भागणार नाही, आतूनही शाबूत हवे.

जयभीम! नमो बुद्धाय!