ऑइल बदलायचे कुठे: सर्व्हिस सेंटरला की अंगणात

इंजिन ऑइल काळे पडले म्हणजे ते वाया गेले असे नाही. काजळी आणि धातूचा बारीक चुरा धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. भारतातल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते साधारण १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलतात. लहान गाडीला तीन-साडेतीन लिटर पुरते.

सर्व्हिस सेंटरच्या बिलात ऑइल, फिल्टर, मजुरी आणि जीएसटी येतो. पहिल्या काही सर्व्हिसिंगना मजुरी माफ असली, तरी ऑइलचे पैसे द्यावेच लागतात. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र तिथेच जावे. बाहेर केलेल्या कामामुळे दावा अडू शकतो.

घरी काम करताना इंजिन थोडे कोमट हवे, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लागतातच. खालचा नट सैल झाला की काळी धार आधी लांब उडते, मग ट्रेमध्ये सरळ पडू लागते. नटाचा वॉशर नवा घालावा. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ऑइल चोळून तो हातानेच आवळावा. शेवटी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये पातळी यायला हवी.

जुने ऑइल गटारात ओतणे हा गुन्हाच मानावा. ते कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावे.