शिकवणारे दूरचे, शंका जवळची

आमच्या वेळी जवळच्या कॉलेजात जो विषय असेल, तोच आपल्या आवडीचा! लोहाऱ्याच्या मुलांना आता तेवढ्यावर भागवायला नको. २०१७ साली 'स्वयम्' सुरू झालं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स त्यावरच्या कोर्समधून घेता येतात. म्हणजे नाव इथल्या कॉलेजात, शिकवणारे दुसऱ्या विद्यापीठातले. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. फक्त आपलं विद्यापीठ तो कोर्स धरतं का, हे आधी विचारावं.

शेजारची मुलगी असाच एक कोर्स करतेय. विषय तिला कळतो, इंग्रजी अडवतं. मीही मराठीतूनच बीए झालेलो. मग शब्दकोश घेऊन दोघं बसतो. शिकवणारे खुशाल दूरचे असोत, पण अडलं तर विचारायला जवळ माणूस हवं. निवृत्त मास्तरांनो, ऐकताय ना?