व्हिजिट

आमच्या गावात 'व्हिजिट' हा शब्द फक्त डॉक्टरांचा होता. ते दवाखान्यात नसले की कंपाउंडर बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवत, मानही वर न करता सांगायचा, "व्हिजिटीला गेलेत." आजी तर त्याचं अनेकवचनही करायची. कुणाकडे व्हिजिटी वाढल्या की दुखणं मोठं, एवढं तिला पुरे. आमच्याकडे डॉक्टर यायचे म्हणजे चादर बदलायची, पाणी तापवायचं, साबणाची नवी वडी काढायची. ते जीभ बघत, पापणी खाली ओढून डोळा बघत, आणि निघताना घरही बघून घेत. न्हाणीमागं साचलेल्या पाण्यावरून आईला दोन शब्द ऐकवल्याशिवाय त्यांची फी कधी वसूल व्हायची नाही.

मग शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. त्यांची सरप्राइज व्हिजिट असायची आणि तिची खबर आदल्या दिवशीच लागलेली असायची. भिंतीवर नकाशा चढायचा आणि हुशार मुलं पहिल्या ओळीत सरकवली जायची. पाढे म्हणून दाखवताना माझी नजर गुरुजींकडे असे. त्यांचेच पाय लटपटत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढं मी इंग्रजी शिकवू लागले आणि शब्दांची कुळं शोधायचा नाद लागला. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'विदेरे', म्हणजे पाहणं. त्यावरून पाहायला जाणं, आणि त्यावरून वरचेवर पाहायला जाणं, ते 'विझिटारे'. फ्रेंचमार्गे तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला. व्हिजन, व्हिडिओ, व्हिसा ही सगळी त्याच घरची मंडळी. व्हिसा म्हणजे मुळात 'पाहिलेला कागद'. आणि आपला 'विद्' धातू, ज्यावरून वेद आणि विद्या आले, तो याच कुळातला लांबचा भाऊबंद. आमच्याकडं आल्यावर पाहणं जाणण्याकडं झुकलं, एवढाच फरक.

मला नवल वाटलं ते पुढंच. इंग्रजीत आला तेव्हा या शब्दात चहा-फराळ नव्हता. तो धर्मग्रंथातून आला होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणायला घेतलं. त्यात देव माणसांना 'व्हिजिट' देतो, ती कधी सांत्वनाला, कधी शिक्षेला. आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस करणं हे पुण्यकर्म. त्यालाही हाच शब्द. बिशपानं मठांची तपासणी करायची, तीही व्हिजिटच. हा अर्थ अजून मेलेला नाही. 1961 च्या कायद्यानं राष्ट्रपती आपल्या आयआयटींचे 'व्हिजिटर' असतात, ते पाहुणे म्हणून नव्हे. संस्थेच्या कामाचा आढावा घ्यायला, चौकशी करायला माणसं नेमण्याचा अधिकार त्यांना आहे. थोडक्यात, दिपोटींचेही दिपोटी.

1665 मध्ये लंडनमध्ये प्लेगचा कहर झाला. ज्या घरात रोग शिरे त्याच्या दारावर तांबडा क्रूस रंगवायचे, देवाच्या दयेची याचना लिहायचे आणि आतल्या माणसांना आतच कोंडायचे. अशा घराला 'व्हिजिट झालेलं घर' म्हणत. डॅनियल डिफोनं 1722 मध्ये त्या वर्षावर पुस्तक लिहिलं, त्याच्या लांबलचक शीर्षकातही त्या साथीला 'व्हिजिटेशन' म्हटलंय.

हे वाचलं आणि माझी आत्या डोळ्यांपुढं आली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. आमच्यात देवी 'झाल्या' असं क्वचितच म्हणत; 'देवी आल्या' म्हणत. आलेल्या बाईचा मान राखायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा. लंडनच्या ख्रिस्ती माणसाला आणि आमच्या आत्याच्या आईला, दोघांनाही रोग म्हणजे वरून कुणीतरी बघायला येणं वाटलं. फरक वागणुकीतला. त्यांनी दार बाहेरून बंद केलं, यांनी आतून पदर पसरला. दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे काही नाही. उपयोग झाला तो लस टोचणाऱ्यांचा, आणि देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, असं भिंतींवर रंगवत फिरणाऱ्या माणसांचा. मे 1975 मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. त्यानंतर देवी आल्या नाहीत.

मराठीतही आपण सगळ्यांनाच 'भेटायला' जात नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मैत्रिणीला भेटायला जातो, पण आजाऱ्याला बघायला जातो. बाळ बघायला जातो. आणि मुलगी बघायला जातात. मलाही बघून गेलेले लोक आठवतात. त्यातल्या एका बाईंनी पोह्यांची बशी हातात घेतल्यावर आधी बशीचा काठच तपासला होता. भेटीत दोघं समोरासमोर असतात; बघण्यात एकजण बसलेला असतो आणि दुसरा त्याला बघतो. दवाखान्यातल्या संध्याकाळच्या ठरीव वेळात खाटेवरच्या माणसाला हे नेमकं कळतं. मोसंबी घेऊन आलेले बारा जण त्याच्याकडं बघत आपसांत बोलत असतात.

मुलीला दिवस गेले तेव्हा मी अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईच्या बीकेसीतल्या रांगेत उभी राहिले. आधी जाऊन आलेल्या बायकांनी पढवून ठेवलं होतं, "बाळंतपण करायला म्हणू नका हो. नातवंड बघायला, एवढंच म्हणा." खिडकीतल्या गोऱ्या मुलानं विचारलं, मी सांगितलं. तिकडं उतरल्यावर विमानतळावरच्या साहेबानं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं माझा चेहरा बघितला, बोटांचे ठसे घेतले आणि सहा महिने राहायची मुभा दिली. तो पासपोर्ट चाळत असताना माझा जीव सामानातल्या डिंकात आणि अळिवात अडकला होता.

मग सहा महिने पहाटे उठणं, बाळाची टाळू भरणं, दुपट्यांचे ढीग, लाडू आणि खिरी. नात जागी असली की मी स्वयंपाकघरात, आणि मला सवड झाली की ती झोपलेली. निघायच्या दिवशी बॅगेचं वजन करता करता मुलगी म्हणाली, "आई, पुढच्या वेळी खरंच बघायला ये."