दाराच्या आतले दोघे

उडत्या विमानात वैमानिकाने लघवीला जाणं ही एक मोहीमच असते. आधी इंटरकॉमवर केबिनला कळवायचं. मग गॅलीत ट्रॉली आडवी लागते, टॉयलेटसाठी ताटकळलेल्या प्रवाशाला गोड बोलून जागेवर धाडलं जातं. कॉकपिटच्या दाराच्या भोकातून बाहेर पाहायचं, केबिन क्रूपैकी कोणी आत आलं की मगच बाहेर पडायचं. दोन मिनिटांच्या कामाला एवढा फौजफाटा!

पूर्वी असं नव्हतं, लहान मुलं हौसेने कॉकपिट बघायला यायची. 24 डिसेंबर 1999 ला आयसी 814 या विमानाचे अपहरणकर्तेही तसेच आत शिरले आणि कॅप्टन देवी शरण यांना विमान शेवटी कंदाहारला न्यावं लागलं. अमेरिकेतल्या 2001 च्या हल्ल्यांनंतर मात्र जगभर गोळी अडवणारी दारं बसली.

एअरबस 320 मध्ये आम्हा दोघा वैमानिकांच्या मधोमध दाराचा छोटासा खटका असतो. बाहेरून आकडा दाबला की आत बझर वाजतो. चेहरा ओळखीचा असेल तर आम्ही दार उघडतो. आतले दोघेही बेशुद्ध पडले तर? त्यासाठी आणीबाणीचा वेगळा आकडा आहे. आतून काहीच हालचाल झाली नाही, तर थोड्या वेळाने दार आपोआप उघडतं. पण आतल्याने खटका ‘लॉक’वर नेला, की तो आकडाही काही मिनिटं निकामी. हे मुद्दामच केलंय. गळ्याला सुरा लावून कोणी क्रूकडून आकडा वदवून घेतला तर?

24 मार्च 2015 ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेला आणि को-पायलटने तोच खटका वापरला. कॅप्टन दारावर धडका देत राहिला. विमान आल्प्समध्ये आदळलं, दीडशे माणसं गेली. दाराने आपलं काम चोख केलं होतं.

त्यानंतर चर्चा झाली ती कॉकपिटमध्ये कायम दोघं हवीत याची. हरकत नाही, दुसरं माणूस निदान दार तरी उघडेल. पण त्या को-पायलटला डॉक्टरांनी कामावर जाऊ नको म्हणून चिठ्ठी दिली होती, ती त्याने कंपनीपासून लपवली, हे मला जास्त छळतं. लायसन्स जाईल या भीतीने आमच्यातले किती जण साधी निद्रानाशाची तक्रारही दडपतात, हे मी जवळून पाहतो. डोक्यावर कर्ज असतं, ट्रेनिंगचं. मेडिकलला जाताना पोरं हसतमुख असतात.

म्हणून उड्डाणाआधी हवामानाचे कागद चाळता चाळता मी शेजारच्याची झोप, घर, जेवण विचारून घेतो. आणि ऐन वेळी ‘सर, आज जमणार नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारत नाही. स्टँडबायवाला येईपर्यंत उशीर होतो, प्रवासी चिडतात. चिडू देत.