हवेचा हिशेब

दुखण्यांमध्येही काही मानाची असतात आणि काही बिनमानाची. कुणाचा पाय मोडला, की प्लास्टर पाहायला सगळा वाडा लोटतो. ताप थर्मामीटरवर दिसतो, खोकला शेजाऱ्याला ऐकू जातो. पण डोकेदुखीला रूप नाही आणि साक्षीदारही नाही. "जरा पडून राहा, उतरेल," एवढ्यावर तिची बोळवण होते.

आणि माझ्या डोकेदुखीत नेमके पडूनच राहता येत नाही! चैत्रात आणि आश्विनात ही बाई पाच-सहा आठवडे मुक्कामाला येते. रात्री दीडच्या ठोक्याला उठवते. उजव्या डोळ्यामागे तापली सळई फिरवावी तशी कळ. त्याच डोळ्याला पाणी, त्याच बाजूचे नाक चोंदलेले. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडतो. मी मात्र घरभर येरझाऱ्या घालतो. तासा-दीड तासाने कळ जाते, ती दुसऱ्या रात्रीचा वायदा करूनच.

आईने सुंठेचे लेप घातले, दृष्ट काढली. चष्म्याचे नंबर बदलले, दोन दाढा गेल्या. अखेर मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, 'क्लस्टर हेडेक', आणि औषध लिहून दिले. औषध काय, तर प्राणवायू! मिनिटाला बारा लिटर, पंधरा मिनिटे, बसून, तोंडावर घट्ट मास्क लावून.

उपाय तसा जुना. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. बायर्ड हॉर्टन यांनी १९५२ सालीच तो सांगितला होता. पुढे २००९ साली लंडनच्या डॉक्टरांनी ७६ रोग्यांवरची परीक्षा प्रसिद्ध केली. कधी प्राणवायू दिला, कधी नुसती हवा. कोणते काय हे रोग्याला ठाऊक नाही. पंधरा मिनिटांत आराम पडला तो प्राणवायूने शंभरातल्या ७८ वेळा, हवेने २० वेळा. घरात हवेतून प्राणवायू काढणारे यंत्र मिळते. पण ते बहुधा मिनिटाला पाच लिटरच देते, तेव्हा सिलिंडरला पर्याय नव्हता.

दुकानाच्या माणसाने तो खांद्यावरून तीन जिने चढवून आणला. काळे अंग, पांढरी मान. आईने उंबऱ्यातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलीने त्याचे 'काळूमामा' असे बारसे केले. पहिल्या रात्री सौ.ने चावी फिरवली, मीटरमधली गोळी बाराच्या रेघेवर चढली, आणि बाराव्या मिनिटाला कळ उतरू लागली. मी रडलो. आई म्हणाली, "अरे, आता कशाला रडतोस?"

काळूमामाची सोवळी मात्र कडक. त्याच्या खोलीत पणती नाही, उदबत्ती नाही. तेलाचा हात तर मुळीच चालत नाही. दाबाखालच्या प्राणवायूला तेल लागले, तर काडी न ओढताही पेट घेते. म्हणून नरकचतुर्दशीला अंगाला तेल लागले, की चावीचा मान सौ.चा. आमच्या दिवाळीत एक खिडकी अंधारी असते, ती ही.

सिलिंडरात हवा मावते सुमारे पंधराशे लिटर. एका खेपेला १८० खर्च होतात. म्हणजे माझ्या आठ रात्री. हा हिशेब एका वहीत मांडलेला असतो: तारीख, वेळ, मिनिटे.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट पुण्यावर आली, तेव्हा माझाही चैत्र चालू होता. घरात एकच भरलेला सिलिंडर, आणि दुसरा कुठे मिळेना. एका रात्री दहाला खालच्या मजल्यावरचा मुलगा दारात उभा राहिला. त्याच्या आईचा प्राणवायू घसरत होता. खाट सकाळपर्यंत मिळेल असे कळले होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितले होते, मिनिटाला चार लिटर द्या. मनातल्या मनात मी भागाकार केला: सहा तास. माझ्या आठ रात्री म्हणजे तिची एक.

सौ. माझ्याकडे पाहत राहिली. बोलली ती आई. "दे रे. तुझं दुखणं छळतं, पण मारत नाही."

आम्ही दोघांनी तो खाली उतरवला. दीड वाजता कळ आली. मी येरझाऱ्या घालत होतो आणि आई दाराशी पाट टाकून बसली होती. खालून मधूनमधून मुलाचा आवाज येई, "आई, श्वास घे." ती कळ मला नेहमीपेक्षा सोपी गेली असे मी म्हणणार नाही, कळ कुणाचे पुण्य मोजत नाही. पण एवढी खरी, की त्या रात्री मी एकटा नव्हतो. पहाटे साडेपाचला रुग्णवाहिका आली. तीन आठवड्यांनी वहिनी घरी आल्या. जिना चढताना दर पायरीवर थांबत होत्या, पण आपल्या पायांनी चढत होत्या.

वहीत त्या दिवसाची नोंद सौ.च्या अक्षरात आहे: "आठ रात्री. खाली दिल्या." उसने म्हणून लिहिलेले नाही, दान म्हणूनही नाही.

यंदाही आश्विन लागताच सिलिंडर आला. दुकानाच्या माणसाला खालच्या मजल्यावरच थांबावे लागले. पुढचे दोन जिने तो मुलगाच चढवतो, आणि त्याबद्दल बोलू देत नाही.